नाव हाय का बघा की!

निवडणूक लागली की माझ्या दुकानात दोन तऱ्हेची माणसं यायला लागतात. एक तऱ्हा कोण निवडून येणार हे सांगणाऱ्यांची. आधारकार्डाची एक झेरॉक्स काढायची आणि काउंटरला कोपर टेकून अख्ख्या जिल्ह्याचा निकाल लावून जायचं. दुसरी तऱ्हा मोबाइल पुढं सरकवते आणि हळू आवाजात म्हणते, "जरा नाव हाय का बघा की." पहिल्या तऱ्हेला कोल्हापुरात तोटा नाही. तालमीच्या कट्ट्यावर, मिसळीच्या टेबलावर ती फुकट भेटते. मी लिहितोय ते दुसऱ्या तऱ्हेबद्दल.

जुन्या पेठेत माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, अकरावीचे प्रवेश, पीएफ, येईल ते काम. मतदार नोंदणी हे त्यातलं सगळ्यात कमी पैशाचं आणि सगळ्यात जास्त किचकट काम. ते करता करता माझं एक मत पक्कं झालंय. आपल्याकडं माणसाचं मत केंद्रावर फारसं कोणी हिसकावत नाही. ते त्याआधीच गेलेलं असतं, चार-सहा महिने आधी, यादीत, आणि ज्याचं गेलं त्याला पत्ताही नसतो. मशीनवरून घसा कोरडा करणारी माणसं स्वतःच्या बूथची यादी एकदाही उघडून बघत नाहीत, याचं मला खरंच नवल वाटतं.

आकड्यांत आम्ही मागं नाही. २०२४ च्या लोकसभेला, ७ मेला, कोल्हापूर मतदारसंघात ७१ टक्क्यांच्या वर मतदान झालं. नोव्हेंबरच्या विधानसभेला जिल्ह्यानं ७६ टक्के ओलांडले आणि राज्यात पहिला नंबर काढला. मलाही त्याचा अभिमान आहे, पहिल्या नंबरचं वेड कोल्हापूरकराला असतंच. फक्त हा टक्का निघतो तो यादीतल्या नावांवर. ज्याचं नावच यादीत नाही तो त्या हिशेबात गैरहजरसुद्धा धरला जात नाही.

सगळ्यात जास्त अडकतात त्या नव्या सुना. मध्ये एक काकू सुनेला घेऊन आल्या. सून भुदरगडकडची, कडेवर पोरगं. काकूंनी पिशवीतून प्लास्टिकची पिशवी काढली, त्यातून रबर लावलेला कागदांचा गठ्ठा.

"हिचं कार्ड हाय, पर म्हायेरचं. शेजारचा म्हणतोय नवीन फॉर्म भरा, आठ दिवसांत येतंय."

शेजारचा म्हणतो तो फॉर्म ६. तो ज्याचं नाव कुठंच नाही त्याच्यासाठी. जिचं नाव आधीच भुदरगडच्या यादीत आहे तिनं फॉर्म ८ भरायचा. पत्ता बदलणं आणि नावातली दुरुस्ती दोन्ही त्यातच होतं. सहा नंबर भरला तर माहेरचं नाव तसंच राहतं, सासरचं वेगळं चढतं, आणि पोरगी कागदावर दुबार मतदार होऊन बसते. एकाच माणसाचं नाव दोन मतदारसंघांत असू नये हे १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात स्पष्ट लिहिलंय, आणि अर्जात खोटी माहिती दिली तर एक वर्षापर्यंत कैद. शेजाऱ्याला यातलं काही माहीत नसतं. तो मदतच करत असतो.

पत्त्याला पुरावा काय, तर लाइट बिल सासऱ्यांच्या नावावर. ते चालत नाही. आईवडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावाचं चालतं. नवऱ्याचं पासबुक निघालं गठ्ठ्यातून. मग मी सुनेला विचारलं, "ताई, नाव काय ठेवायचं?" सासूनं लग्नात ठेवलेलं नाव सांगितलं. सून तोवर एक शब्द बोलली नव्हती. म्हणाली, "पहिलं नाव माझंच ऱ्हाऊ द्या. आधारावर बी त्येच हाय." काकूंनी माझ्याकडं बघितलं, मी कीबोर्डकडं बघितलं. नाव तिचंच राहिलं.

या कामात मला नेहमी १९५१-५२ ची पहिली निवडणूक आठवते, म्हणजे वाचलेली. सुकुमार सेन मुख्य निवडणूक आयुक्त होते. यादी करायला माणसं घरोघर गेली तेव्हा उत्तरेकडं कितीतरी बायकांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच. सेन यांनी अशी नोंद घ्यायला नकार दिला आणि सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गेली. तत्त्व बरोबर होतं, बाईला स्वतःच्या नावानंच मत असलं पाहिजे. पण त्या तत्त्वाची किंमत कुणी मोजली, तर त्या बायकांनीच. यादी नीट करण्याच्या प्रत्येक मोहिमेत मला हा हिशेब दिसतो. चूक रीतीची, भुर्दंड माणसाला.

आमच्या कोल्हापूरला तर मत फार उशिरा मिळालं. १९३७ आणि १९४६ ला ब्रिटिश मुलखात प्रांतांच्या निवडणुका झाल्या, तिथंही शेतसारा, मालमत्ता, शिक्षण अशी चाळणी होतीच. आम्ही संस्थानातले, त्या निवडणुका आमच्या नव्हत्याच. १९३९ ला प्रजा परिषद उभी राहिली, माधवराव बागल, रत्नाप्पाण्णा कुंभार ही मंडळी जबाबदार राज्यपद्धतीसाठी तुरुंगात गेली. १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. रत्नाप्पाण्णांची सही संविधानावर आहे, आणि त्याच संविधानातलं ३२६ वं कलम प्रत्येक प्रौढ माणसाला मत देतं, शिक्षण आणि सारा न विचारता. त्याच्या कितीतरी आधी, १९१९ ला, बाबासाहेब आंबेडकर मताचा हक्क कुणाला द्यायचा हे बघणाऱ्या साउथबरो समितीपुढं बसून अस्पृश्यांच्या मताचा प्रश्न मांडून आले होते. पुढच्याच वर्षी माणगावच्या परिषदेत शाहू महाराजांनी त्यांना लोकांपुढं उभं केलं. माणगाव इथून किती लांब आहे? हातकणंगले तालुक्यात, दुचाकीवरून जाऊन दुपारच्या जेवणाला परत येता येतं. तिथं सेल्फी काढून आलेल्या पोराला मी विचारलं, यादीत नाव आहे का तुझं, तर म्हणाला, "बघितलं नाही, असंल की."

असंल की! या दोन शब्दांवर आपली निम्मी लोकशाही चाललीय.

आता ज्यांच्या बाबतीत माझ्या हातात काहीच नसतं त्यांच्याबद्दल. दिवाळीच्या पुढंमागं जिल्ह्यात ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. बीडकडच्या, जत-आटपाडीकडच्या. कारखान्याच्या गाडीतळाजवळ नाहीतर फडाच्या कडेला कोप्या पडतात. त्यातले काही मोबाइलच्या रिचार्जला, पोराच्या शाळेच्या दाखल्याला शहरात येतात. २०२४ ची विधानसभा २० नोव्हेंबरला होती, म्हणजे नेमकी हंगामाच्या तोंडावर. बीडकडचा एक गडी बायकोला घेऊन आला होता, दोघांची मतदार कार्डं खिशात. म्हणाला, "हितं टाकता येतं का मत?" मी नाही म्हटलं. त्याचं नाव गावच्या यादीत, मत गावच्या शाळेत. जायला रात्रभराचा प्रवास, यायला तेवढाच, दोघांचं भाडं, बुडालेली मजुरी. अंगावर उचल आहे, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, त्यामुळं मुकादमाला विचारल्याशिवाय कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हलत नाही.

"गाडी येनार हाय म्हनत्यात," तो म्हणाला.

गाडी म्हणजे कुणातरी उमेदवाराची. मतदाराला केंद्रावर न्यायला उमेदवारानं गाडी पुरवणं हा १९५१ च्या कायद्यातल्या १२३ व्या कलमाखाली भ्रष्ट आचार आहे, त्यात निवडणूक रद्द होऊ शकते. म्हणजे गरिबाचं असं झालं की कायद्यानं जायचं तर परवडत नाही, आणि परवडेल असं जायचं तर जो नेतो त्याचा मिंधा होऊन जायचं. त्या गाडीत बसलेल्या माणसाचं मत गुप्त राहीलही, पण मोकळं राहतं का?

त्याला नाव इकडं बदलून घे म्हणावं, तर तेही चुकीचं. कामासाठी काही महिने बाहेर राहिलं म्हणून गावचा रहिवास संपत नाही, कायदाच तसं म्हणतो. आणि का बदलावं त्यानं? पाणी त्याला तिथं हवंय, शाळा तिथं हवीय.

उपाय निघतच नाही असंही नाही. आमच्या शिरोळ तालुक्यात सैनिक टाकळी म्हणून गाव आहे, घरटी फौजेतला माणूस. त्या गावचा जवान सीमेवर असला तरी मतपत्रिका त्याला इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं पोचते. तो ती छापतो, खूण करतो, पाकिटात घालून पोस्टानं पाठवतो. २०१६ पासून ही सोय आहे, आणि असायलाच पाहिजे. मजुरांसाठी निवडणूक आयोगानं २०२२ च्या डिसेंबरात एक नमुना मशीन पुढं आणलं होतं. एका मशीनवर ७२ मतदारसंघांचं मतदान, म्हणजे कोल्हापुरात बसून गावच्या उमेदवाराला मत. जानेवारीत पक्षांना दाखवायला बोलावलं, पक्षांनी शंका काढल्या, आणि ते तिथंच थांबलं. शंका काही फालतू नव्हत्या. गावचा पोलिंग एजंट इथं कोण आणणार, स्थलांतरित कुणाला म्हणायचं, आचारसंहिता कुठली लागू. पण शंका काढून झाल्यावर दुसरा मार्ग कुणी सुचवला असं माझ्या तरी वाचनात आलं नाही. ऊसतोडीवाला भाषणात फार असतो, कामकाजात दिसत नाही.

शिरोलीच्या, गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांतल्या कामगारांना निदान सुट्टीचा कायदा आहे. मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी, रोजंदारीवाल्यालासुद्धा, त्याच १९५१ च्या कायद्यातलं कलम १३५ ब. मालकानं नाही दिली तर दंड पाचशे रुपयांपर्यंत. पाचशे! बिनाहेल्मेट सापडलात तर त्याच्या आसपास जातात.

जे रस्त्यावरच राहतात त्यांच्यासाठी मात्र एक नियम असा आहे की तो वाचून मी चकित झालो होतो. ज्याला घर नाही त्याला पत्त्याचा कागद मागायचा नाही. तो जिथं झोपतो म्हणून सांगेल तिथं बीएलओनं, म्हणजे बूथची यादी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यानं, रात्री जाऊन बघायचं, एकापेक्षा जास्त वेळा, आणि तो तिथं दिसला की नाव घ्यायचं. कायदा इतका माणूसपणानं विचार करतो हे कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. आता ती बीएलओ म्हणजे बहुतेक वेळा एखादी शिक्षिका नाहीतर अंगणवाडीताई. तिनं दिवसा शाळा करायची, संध्याकाळी घरोघर फिरायचं आणि रात्री फुटपाथवर जायचं. लोक तिच्या नावानं बोटं मोडतात, मला तिची कीव येते.

नावं काढण्याचा विषय जास्त नाजूक आहे. यादी स्वच्छ असायला पाहिजे यात दुमत नाही. आमच्या गल्लीत वारलेल्या माणसांची नावं वर्षानुवर्षं यादीत असतात, घरचे फॉर्म ७ भरत नाहीत. सात नंबर म्हणजे हरकतीचा, नाव वगळण्याचा. तो दुसऱ्याबद्दलही भरता येतो, म्हणून तर भीती. पण नुसता फॉर्म आला म्हणून नाव उडवता येत नाही. ज्याच्यावर हरकत आली त्याला नोटीस द्यायची, म्हणणं ऐकायचं, मग निर्णय. अडचण अशी की नोटीस जुन्या पत्त्यावर जाते, आणि भाडेकरू तोवर तिसऱ्या घरात गेलेला असतो.

२०२५ ला बिहारमध्ये विशेष सखोल पुनरीक्षण झालं, म्हणजे अख्खी मतदार यादी नव्यानं तपासायची मोहीम. सुमारे ७ कोटी ८९ लाख मतदारांपैकी ६५ लाख नावं १ ऑगस्टच्या प्रारूप यादीत नव्हती. मयत, स्थलांतरित, दुबार, सापडले नाहीत, अशी कारणं. सर्वोच्च न्यायालयानं १४ ऑगस्टला सांगितलं की वगळलेल्यांची नावं कारणासकट लोकांना बघता येतील अशी लावा. मोहीम योग्य का अयोग्य यावर माझ्या काउंटरवर दोन मित्रांची कायमची कट्टी झालीय, त्यात मी पडत नाही. मला त्या आदेशातलं एवढंच महत्त्वाचं वाटलं की नाव गेलं तर का गेलं ते सांगा. ही मोहीम देशभर करायचं आयोगानं जाहीर केलेलंच आहे. दोन चुकांमध्ये मला एक चूक जड वाटते. मेलेल्याचं नाव राहिलं तर केंद्रावर एजंट बसलेला असतो, तो हरकत घेऊ शकतो. जिवंत माणसाचं नाव गेलं तर हरकत कोण घेणार? तो स्वतः, मतदानाच्या दिवशी, दारात उभा राहून. तेव्हा काही होत नसतं.

२०१९ चा महापूर आठवा. चिखली, आंबेवाडी, शिरोळ, घरंच्या घरं पाण्यात. कागदांचा लगदा झाला. २१ ऑक्टोबरला विधानसभा. तेव्हा लोक रडकुंडीला येऊन विचारायचे, कार्ड वाहून गेलं, आता मत गेलं का? कार्ड गेलं तर काही बिघडत नाही. आधार, पॅन, लायसन्स, पासपोर्ट, फोटो असलेलं बँकेचं पासबुक, रोजगार हमीचं जॉबकार्ड, यातलं काहीही चालतं. कार्ड असून यादीत नाव नसेल तर मात्र मत नाही. नेमकं उलटं लोकांच्या डोक्यात बसलंय. कार्ड तिजोरीत ठेवतात आणि यादीकडं ढुंकून बघत नाहीत.

महापालिकेचं तर वेगळंच. नोव्हेंबर २०२० ला सभागृहाची मुदत संपली. आधी कोरोना, मग ओबीसी आरक्षण, मग प्रभागरचना, मग कोर्ट. पाच वर्षं प्रशासक. यादीत नाव, खिशात कार्ड, बोटाला शाई लावायची हौस, सगळं असून निवडणूकच नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं चार महिन्यांत घ्या म्हणून सांगितलं, तरी मतदानाला १५ जानेवारी २०२६ उजाडलं. मधल्या काळात जी पोरं अठराची तेवीस झाली त्यांना गटारीची तक्रार नगरसेवकाकडं करायची असते हेच माहीत नाही.

या निवडणुकांना यादी वेगळी बनत नाही. विधानसभेची घ्यायची आणि प्रभागानुसार फोडायची. या वेळी १ जुलै २०२५ ची धरली, म्हणजे ऑगस्टात अठरा पूर्ण केलेल्याला जानेवारीत मत नाही. संभाव्य दुबार नावापुढं दोन तारे. अशा माणसानं केंद्रावर हमीपत्र द्यायचं की मी दुसरीकडं टाकणार नाही. यादी फोडताना रस्त्याची कुठली बाजू कुठल्या प्रभागात हे जमिनीवर जाऊन बघितलं नाही, तर एका घरातले नवरा-बायको दोन प्रभागांत जातात. त्यावर हरकतीला मुदत असते, थोडे दिवस, आणि त्या दिवसांत आमच्या दुकानात सन्नाटा असतो. गर्दी होते ती मतदानाच्या आदल्या रात्री. शिवाय आधी एक प्रभाग एक नगरसेवक होता, आता एका प्रभागात अनेक जागा, तितकी बटणं. एक आजी सांगत होत्या, "एक दाबलं न भायेर आले तर साहेब म्हनतो परत या, अजून ऱ्हायलीत."

मागच्या एका निवडणुकीत दुपारी एक मामा तणतणत दुकानात आले. केंद्रावर गेले तर त्यांच्या नावापुढं आधीच खूण, कुणीतरी मत टाकून गेलेलं. "आता काय करायचं, घरी जातो." मी त्यांना तसंच परत पाठवलं. म्हटलं, जाऊन 'प्रदत्त मत' मागा, हाच शब्द वापरा. ओळख पटली तर तुम्हाला कागदी मतपत्रिका द्यावीच लागते, नियम ४९ पी. ती मशीनमध्ये जात नाही, वेगळ्या पाकिटात बंद होते, नेहमीच्या मोजणीत धरत नाहीत. पण निकाल चुरशीचा झाला आणि प्रकरण कोर्टात गेलं तर ते पाकीट उघडतं. २००८ ला राजस्थानात विधानसभेला काँग्रेसचे सी. पी. जोशी एका मतानं पडले होते, तेव्हा पाकिटाला कमी लेखू नका. मामा तासाभरानं परत आले ते चहा सांगतच.

आणि एक बघा, यादी वाचायची आम्हाला सवय नाही असंही नाही. गोकुळ दूध संघाची निवडणूक लागू द्या, कुठल्या दूध संस्थेचा ठराव कुणाच्या नावानं झालाय, म्हणजे तिचं मत कोण टाकणार, हे गावातलं शेंबडं पोरगं सांगतं. साखर कारखान्याची सभासद यादी लागली की मयत किती, वारसनोंद कुणाची राहिली, पात्र-अपात्र किती, याच्यावर कोर्टापर्यंत जायची तयारी. तिथली यादी माणसं ओळ न् ओळ वाचतात, कारण तिथं एका नावाची किंमत काय ते त्यांना कळतं. विधानसभेच्या यादीला तेवढा वेळ देणारा माणूस मला अजून भेटायचाय.

तर, ज्यांना यायचंय त्यांच्यासाठी. अठरा पूर्ण होण्याच्या आता वर्षात चार तारखा आहेत, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. सतरा पूर्ण झालेल्या पोरापोरींचा अर्ज आधीच भरून ठेवता येतो. नाव शोधायला कार्डाचा नंबर आणा. नुसतं 'पाटील' सांगू नका, कोल्हापूर जिल्हा आहे हा. घरबसल्या बघायचं असेल तर आयोगाचं ॲप आहे, नाहीतर १९५० ला फोन लावा. घरात कुणी वारलं असेल तर मृत्यूदाखल्याची प्रत बरोबर ठेवा, सात नंबर मी भरून देतो. नाव बघायचे पैसे घेत नाही, फॉर्मचे घेतो. आणि फोटो एकट्याचा, पांढऱ्या बॅकग्राउंडचा आणा. लग्नातल्या ग्रुपमधून कापून आणलेला चालत नाही, बाजूच्याचा फेटा येतो त्यात.